बिऱ्हाड हलते तेव्हा

मराठी माणसाने ‘द्वारका’ म्हटले की डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो, मोरपीस येते, सुदाम्याचे पोहे येतात. दिल्लीच्या नैर्ऋत्येला असलेल्या द्वारकेत समुद्र नाही. एके काळी पप्पनकलां या नावाने ओळखला जाणारा हा भाग दिल्ली विकास प्राधिकरणाने उपनगर म्हणून वसवला. आखलेले सेक्टर, सहकारी सोसायट्या, रुंद रस्ते आणि २००५ च्या अखेरीस येऊन पोहोचलेली मेट्रो, असा हा संसार. सुरुवातीच्या काळात इथे राहायला आलेल्या गृहिणींना विचारले, तर त्या समुद्राची नव्हे, पाण्याच्या टँकरची आठवण सांगतील.

तरीही नाव चपखल आहे. कारण पुराणातली द्वारका ही मुळात बिऱ्हाड हलवण्याचीच गोष्ट आहे. जरासंधाच्या स्वाऱ्यांनी मथुरा जेरीस आली, तेव्हा श्रीकृष्णाने समुद्रात नवे नगर वसवून घेतले आणि योगबळाने सारी प्रजा तिथे नेली. लोक रात्री मथुरेत झोपले ते सकाळी द्वारकेतच जागे झाले, असे कथेकरी रंगवून सांगतात. कुणाचे भांडे फुटले नाही, कुणाचा पाळणा हलला नाही.

ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी बिऱ्हाड हलवले आहे, तिला गोवर्धन उचलण्यापेक्षा हाच चमत्कार मोठा वाटेल!

आजच्या द्वारकेतही एका नव्या नगराची चर्चा झाली. सेक्टर २५ मध्ये ‘यशोभूमी’ हे भव्य संमेलन केंद्र आहे. तिथे २ सप्टेंबर २०२५ रोजी ‘सेमिकॉन इंडिया’ या परिषदेचे उद्‌घाटन झाले आणि ‘विक्रम ३२०१’ हा भारतात बनलेला ३२ बिटांचा प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला. इस्रोचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि मोहालीची सेमिकंडक्टर प्रयोगशाळा यांनी मिळून तो घडवला आहे. त्याचे काम अग्निबाणाला मार्ग दाखवण्याचे. घरातल्या संगणकाशी त्याचा संबंध नाही. पण त्या समारंभामुळे घरोघरी एक प्रश्न मात्र उभा राहिला. चिप तयार झाली, टाळ्या वाजल्या, छायाचित्रे निघाली. पुढे काय?

पुढे बिऱ्हाड हलवायचे असते. आणि ते काम योगबळाने होत नाही.

चिपची बोली

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. पण सगळे मेंदू एकच बोली बोलत नाहीत, हे फारसे कुणी सांगत नाही. मेजावरच्या बहुतेक संगणकांत जी बोली चालते, तिचा उगम इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपमध्ये आहे. खिशातल्या मोबाईलमध्ये चालते ती ‘आर्म’ नावाची बोली १९८५ च्या सुमारास इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका कंपनीत जन्मली. तिसरी बोली आहे ‘रिस्क-फाइव्ह’. ती अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० साली आकाराला आली. तिची खासियत अशी की, तिच्यावर कुणाची मालकी नाही. चिप बनवणाऱ्याने कुणाकडे परवान्याचे पैसे न भरता ती वापरावी.

म्हणूनच भारताने ती उचलली. आय. आय. टी. मद्रासमध्ये ‘शक्ती’ नावाचे प्रोसेसर याच बोलीत तयार झाले आणि २०१८ साली त्यावर लिनक्स चालूही झाले. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘वेगा’ ही मालिका उभी केली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच जाहीर केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ‘ध्रुव ६४’ हा ६४ बिटांचा, एक गिगाहर्ट्‌झ वेगाचा प्रोसेसर लोकांपुढे आला.

आता समजा, असा प्रोसेसर बसवलेला एक संगणक कुणी आपल्या दिवाणखान्यात आणून ठेवला. बटण दाबले. पडद्यावर काय दिसेल? काहीच नाही. कारण इंटेलसाठी तयार केलेला प्रोग्रॅम त्याला कळत नाही. मोबाईलसाठी तयार केलेलाही कळत नाही. कोकणातल्या आजीपुढे तमीळ पत्र ठेवावे, तसे होईल. चष्मा कितीही चांगला असला, तरी उपयोग नाही.

त्या चिपला उपयोगी करायचे, तर तिच्या बोलीत सगळा संसार उभा करावा लागतो. त्या संसाराचे नाव लिनक्सच्या जगात ‘डिस्ट्रिब्युशन’. लिनक्स हा खरे तर फक्त गाभा. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहिला. पण नुसत्या गाभ्यावर पत्र लिहिता येत नाही, हिशेब मांडता येत नाही, गाणे ऐकता येत नाही. म्हणून त्याच्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्रॅम जमवून, एकमेकांशी जुळवून, नीट बांधून लोकांना द्यावे लागतात. हा झाला डिस्ट्रिब्युशनचा संसार. ‘डेबियन’ हा त्यातला सर्वांत जुन्यांपैकी एक. १९९३ पासून तो चालू आहे आणि मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तेरावी आवृत्ती निघाली, तेव्हा तीत ६९,८३० गाठोडी होती. संगणकवाले त्यांना ‘पॅकेज’ म्हणतात. बिऱ्हाड हलवणारी बाई गाठोडीच म्हणेल.

विरजण कुणाकडून आणायचे?

द्वारकेतील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. लग्न होऊन सांगलीहून दिल्लीला आलेली आई, सरकारी नोकरीतले वडील आणि सेक्टर ३ मधील नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठात शिकणारी मुलगी. मुलीच्या टेबलावर हाताच्या तळव्याएवढा एक उघडा बोर्ड. त्यावर रिस्क-फाइव्हचा प्रोसेसर. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि खोलीतला दिवा चालूच.

“अगं, परीक्षा तर संपली ना? मग हे काय रात्रंदिवस?” आई विचारणारच.

“आई, हा प्रोग्रॅम बांधला जातोय. अजून चार तास तरी लागतील.”

“मग त्याला बांधू दे. तू कशाला जागतेस?”

या प्रश्नाला उत्तर नसते. भात शिजत असताना त्याच्याकडे पाहून तो लवकर शिजत नाही, हे आईला ठाऊक असते. तरी पहिल्यांदा नव्या शेगडीवर कुकर लावलेला असतो, तेव्हा तीही स्वयंपाकघर सोडत नाही.

मुलगी आईला हे काम कसे समजावून सांगेल? तिने स्वयंपाकघरातूनच सुरुवात करावी. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या बोलीत उतरवून देणारा एक दुभाषा असतो. त्याला ‘कंपायलर’ म्हणतात. नव्या चिपवर काहीही चालवायचे, तर आधी तिथे हा दुभाषा हवा. पण दुभाषा हाही एक प्रोग्रॅमच. त्यालाही नव्या बोलीत उतरवणारा दुसरा दुभाषा लागतो. तो कुठून आणायचा?

आईला यात नवल वाटणार नाही. दही लावायला विरजण लागते आणि विरजण म्हणजे दहीच. परगावी नव्या घरात गेल्यावर पहिले विरजण शेजारणीकडूनच मागावे लागते.

नेमके तसेच करतात. जुन्या, भरल्या घरच्या इंटेलच्या संगणकावर बसून नव्या चिपच्या बोलीतला माल तयार करायचा. बिऱ्हाड हलले त्या दिवशीचे जेवण शेजाऱ्यांच्या चुलीवर शिजते, तसा हा प्रकार. त्यातही मेख अशी की, दुभाषा पुरा व्हायला एक पायाभूत संग्रह लागतो आणि तो संग्रह बांधायला दुभाषा लागतो. मग आधी अर्धामुर्धा दुभाषा बांधायचा. त्याच्याकडून अर्धा संग्रह. त्या संग्रहाच्या आधारे पुरा दुभाषा. मग त्याच्याकडून पुरा संग्रह. एक पाय टेकवून दुसरा उचलायचा, असे चालत राहायचे.

एवढे झाले की, शेजारचे जेवण बंद. नव्या चिपवर स्वतःची चूल पेटली, तर सगळा स्वयंपाक पुन्हा त्याच चुलीवर करून पाहायचा. कारण शेजारच्या चुलीवर शिजलेले अन्न पोट भरते, पण आपली चूल नीट पेटते का, ते सांगत नाही. हजारो गाठोडी एकामागून एक नव्या चिपवर बांधली जातात. जे बांधले जात नाही, त्याची यादी होते. मग माणसे त्या यादीला भिडतात.

रिस्क-फाइव्हच्या बाबतीत हे काम वर्षानुवर्षे चालले. लिनक्सच्या गाभ्यात त्याला पहिली जागा मिळाली ती जानेवारी २०१८ मध्ये. जुलै २०२३ मध्ये डेबियनने त्याला अधिकृत घराण्यात घेतले. आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या आवृत्तीत तो पहिल्यांदाच इतरांच्या पंक्तीला बसला. गाभ्यातल्या पहिल्या पावलापासून मोजले, तरी सात वर्षांहून अधिक काळ गेला. श्रीकृष्णाला एक रात्र लागली होती!

गृहीत धरलेल्या गोष्टी

एवढा वेळ का लागावा? प्रोग्रॅम तर लिहिलेलेच आहेत. दुभाषाही तयार आहे. मग नुसते उतरवून काढायचे, त्यात अवघड काय?

याचे उत्तर सांगलीहून दिल्लीला आलेल्या आईइतके चांगले कुणीच देऊ शकणार नाही. सासूबाईंनी वहीत लिहून दिलेली पुरणपोळीची कृती तिने द्वारकेत पहिल्यांदा केली, तेव्हा डाळ शिजता शिजेना. कृतीत चूक नव्हती. पाणी जड होते. वहीत ‘एक वाटी’ लिहिले होते, पण वाटी कोणती ते लिहिले नव्हते. कारण सांगलीच्या घरात ती एकच वाटी होती. ‘रात्रभर झाकून ठेवावे’ असे लिहिले होते, पण जानेवारीतली दिल्लीची रात्र म्हणजे सांगलीची रात्र नव्हे, हे सासूबाईंना कुठून ठाऊक असणार?

घर हलवले की कळते, आपण काय काय गृहीत धरले होते.

प्रोग्रॅमचेही तसेच आहे. एक उदाहरण पाहावे. सी या भाषेत एक अक्षर साठवायला एक छोटा डबा असतो. इंटेलच्या संगणकावर त्या डब्यात उणे संख्याही मावते, असे धरले जाते. आर्म आणि रिस्क-फाइव्हवर मात्र लिनक्समध्ये तो डबा फक्त शून्य आणि अधिक संख्यांचाच मानतात. भाषेच्या नियमाप्रमाणे दोन्ही बरोबर. आता एखाद्याने वीस वर्षांपूर्वी असे लिहून ठेवले असेल की, ‘फाइल संपली की उणे एक मिळेल, मग थांब’, आणि ते उत्तर त्याने त्या छोट्या डब्यात ठेवले असेल, तर इंटेलवर तो प्रोग्रॅम मुकाट्याने थांबतो. नव्या चिपवर त्या डब्यात उणे एक कधी दिसतच नाही. प्रोग्रॅम थांबत नाही. रात्रभर गिरकी घेत बसतो. वीस वर्षे दडलेली चूक घर बदलल्यावर उघडी पडते.

दुसरा प्रकार तर हसू येण्यासारखा. पुष्कळ जुन्या प्रोग्रॅमबरोबर एक छोटी चौकशी-चिठ्ठी असते. बांधणी सुरू करण्यापूर्वी ती संगणकाला विचारते, “आपण कोणत्या घराण्यातले?” जुन्या चिठ्ठीतल्या यादीत रिस्क-फाइव्हचे नाव नसते. मग ती म्हणते, “ओळखत नाही,” आणि दार लावून घेते. बाकी काहीही बिघडलेले नसते. नवी यादी आणून ठेवली की काम होते. पण शेकडो दारांवर जाऊन ती यादी ठेवायला माणूस लागतो.

तिसरा प्रकार सगळ्यांत छळणारा. आजच्या प्रोसेसरमध्ये एकाहून अधिक गाभे असतात. एका ओट्याशी दोघी जावा काम करतात, तसे. इंटेलच्या घरात एकीने आधी मीठ घातले आणि मग झाकण ठेवले, तर दुसरीला ते त्याच क्रमाने दिसते. आर्म आणि रिस्क-फाइव्हच्या घरात तसे वचन नाही. तिथे मुद्दाम सांगावे लागते, “आधी मीठ, मगच झाकण.” जुन्या प्रोग्रॅममध्ये ते सांगितलेले नसेल, तर नऊशे नव्व्याण्णव वेळा भाजी ठीक होते आणि हजाराव्या वेळी अळणी! अशी चूक शोधण्यात कितीतरी रात्री जातात. पुन्हा ती सापडली, की दुरुस्ती अवघ्या एका ओळीची.

आचार्य आणि आचारी

हे सगळे ऐकून आईने एक साधा प्रश्न विचारला, तर तो सर्वांत मोलाचा ठरेल. “यावर मराठी दिसतं का गं?”

मराठी अक्षरे पडद्यावर येणे हे इंग्रजीइतके सरळ नाही. इंग्रजी अक्षरे ओळीने बसतात. मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी दिसावी लागते, पण उच्चारात ती नंतर येते. जोडाक्षरात दोन-तीन अक्षरे एकमेकांत मिसळतात. हे घडवून आणणारे स्वतंत्र प्रोग्रॅम असतात. लिनक्सवर त्यासाठी ‘हार्फबझ’ नावाचे गाठोडे वापरतात. अक्षरांचे वळण देणारा फाँट वेगळाच. ‘लोहित’ हे फाँट मूळचे पुण्याच्या एका कंपनीने घडवलेले आहेत आणि २००४ पासून ते सर्वांना मोकळे आहेत. ही दोन्ही गाठोडी नव्या घरी पोहोचली नाहीत, तर मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसतात किंवा वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते.

ते नीट दिसते की नाही, हे कोण तपासणार? जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या स्वयंसेवकाला ते ओळखता येईलच असे नाही. त्याच्या लेखी पडद्यावर देवनागरीसारखे काही उमटले, म्हणजे झाले. इथे शिकलेल्या इंजिनिअरपेक्षा वाचणाऱ्या आईची नजर उपयोगी पडते. पडद्यावर दोन शब्द लिहावेत : ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक फक्त त्या डोळ्याच्या पापणीसारख्या अर्ध्या र चा. तो फरक पुसला गेला, तर लग्नपत्रिकेत आचार्यांच्या हाती झारा जाईल!

“हे बरोबर नाही आलेलं,” असे आईने म्हटले, तर तिच्या त्या एका वाक्यातून एक तक्रार नोंदवली जाईल, एक दुरुस्ती होईल आणि ती जगभरच्या मराठी वाचकांच्या पदरात पडेल. चूक दाखवायला संगणकाची पदवी लागत नाही. आपली भाषा नीट वाचता यावी लागते. डेबियन संगणकावर बसवताना पडद्यावर जे प्रश्न येतात, ते आज मराठीतही वाचता येतात. ते भाषांतर अशाच माणसांनी, फावल्या वेळात, एकेक ओळ करून केले आहे. भाषा नव्या यंत्रावर आपोआप जात नाही. तिला कुणीतरी कडेवर घेऊन न्यावे लागते.

नकारातून उभे राहिलेले घर

या गोष्टीला मराठी मातीतला एक जुना धागाही आहे. १९८० च्या दशकात भारताला शक्तिशाली महासंगणक हवा होता. अमेरिकेने हवा तो दिला नाही. हवामानाच्या अंदाजासाठी म्हणून कमी ताकदीचा तेवढा मिळाला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि तिची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावच्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यातले प्रोसेसर इंग्लंडच्या एका कंपनीचे, ‘ट्रान्सप्युटर’ या जातीचे होते. ते पुष्कळ संख्येने एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकदिलाने काम करवून घेणे, ही इथल्या माणसांची करामत होती.

‘परम’चे यंत्र सगळ्यांना आठवते. पण त्या यंत्रावर काही चालावे म्हणून जे प्रोग्रॅम नव्याने जुळवावे लागले, त्यांची आठवण क्वचितच निघते. पुढे २००७ साली सी-डॅकने डेबियनवर बेतलेले ‘बॉस’ हे लिनक्स भारतीय भाषांसह आणले. तिथेही कथा तीच. दिसते ते यंत्र, चालवतो तो संसार.

यात एक शहाणपण दडलेले आहे. चिप आपली, पण तिच्यावर चालणारे सगळे परक्याच्या मर्जीवर, अशी स्थिती आली, तर स्वतःचे घर बांधून किल्ली शेजाऱ्याकडे ठेवल्यासारखे होईल. उलट डेबियनसारखा मोकळा संसार सोबत असला, तर भारतात बनलेल्या चिपला सगळे शून्यापासून उभे करावे लागत नाही. जगभरच्या माणसांनी रिस्क-फाइव्हसाठी घासून ठेवलेली भांडी तिलाही वापरता येतात. मात्र पंक्तीत जेवायचे, तर कधी वाढायलाही उठावे लागते. द्वारकेतल्या त्या मुलीचे जागणे म्हणजे हे वाढायला उठणेच होय.

जुन्या घराचे काय?

बिऱ्हाड हलवण्याची दुसरी बाजू मात्र कुणी बोलून दाखवत नाही. नवे घर लागले की, जुने बंद होते.

लिनक्सचा जन्म झाला तो इंटेलच्या ३८६ या चिपवर. फेब्रुवारी २०१३ मध्ये निघालेल्या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्याने त्याच ३८६ ची साथ सोडली. ज्या पाळण्यात मूल वाढले, तो पाळणाच अडगळीत गेला. आणि ज्या २०२५ च्या आवृत्तीत डेबियनने रिस्क-फाइव्हला पाट मांडला, त्याच आवृत्तीत इंटेलच्या ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठीचा गाभा आणि बसवणी बंद केली. त्या संगणकांना आता नवी आवृत्ती बसवता येत नाही.

यात कुणाचा दुष्टावा नाही. प्रत्येक चिपसाठी ती हजारो गाठोडी पुन्हापुन्हा बांधायला यंत्रे लागतात आणि त्याहून जास्त माणसे लागतात. सांभाळणारी माणसे उरली नाहीत की, ते दार लावावे लागते. पण एखाद्या गावच्या शाळेत देणगी म्हणून मिळालेले, अजून धड चालणारे जुने संगणक असतील, तर तिथल्या गुरुजींना हा हिशेब कसा पटावा? आजीची खोली रिकामी करून तिथे नव्या सुनेचे कपाट ठेवावे लागले, तर घरातल्या शहाण्या माणसाला दोन्हीकडचे दुःख कळते.

अशा वेळी मन भरून यावे, असेही एक उदाहरण आहे. मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातील चिप १९८० च्या दशकात पुष्कळ संगणकांत होती. १९९८ साली डेबियन इंटेलच्या बाहेर पहिल्यांदा गेला, तो याच घराण्याच्या अंगणात. पुढे २००६ च्या सुमारास तिला अधिकृत यादीतून वगळले गेले. पण काही माणसांनी तिची साथ सोडली नाही. बाजारात कवडीची किंमत नसलेल्या त्या यंत्रांसाठी ती माणसे अजूनही नवी गाठोडी बांधत असतात. का? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेळेवर औषध का द्यायचे, असे कुणी विचारते का?

नाव कुठे येते?

वडिलांचा प्रश्न आईपेक्षा वेगळा असणार. “पोरी, याचे पैसे किती मिळतात?”

प्रश्न चुकीचा नाही. दिल्लीत घर चालवणाऱ्या माणसाने तो विचारायलाच हवा. यावर खरे उत्तर असे की, बहुतेकांना काही मिळत नाही. काहींना त्यांच्या कंपन्या याच कामाचा पगार देतात. हे काम करून आलेल्या मुलीला यंत्राच्या तळापर्यंत काय चालते ते ठाऊक असते आणि असे जाणणारी माणसे चिप बनवणाऱ्यांना हवीच असतात. पण नोकरीच्या आशेने रात्री जागता येतात त्या चार-दोन. हजाराव्या वेळी अळणी होणारी भाजी शोधायला वेगळेच काही लागते.

“मग नाव तरी कुठे येतं?”

नाव येते. डेबियनच्या प्रत्येक गाठोड्यात बदलांची एक नोंदवही असते. कोणता बदल, कशासाठी, कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे सारे तीत लिहिलेले असते. ‘नव्या चिपवर बांधले जात नव्हते, दुरुस्त केले,’ एवढीच एक ओळ आणि खाली नाव. ती वही जगभरच्या लाखो संगणकांत जाऊन बसते. उघडून कुणी वाचत नाही. पण खोडतही नाही.

घरातल्या बाईच्या वाट्याला एवढेही येत नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकीच्या मनात येईल. सांगलीची पुरणपोळी द्वारकेच्या पाण्यात जमवायला तिला किती सणवार लागले, डाळ आदल्या रात्री भिजवायची ही युक्ती तिने कधी शोधली, दिल्लीच्या थंडीत पीठ भिजवताना कोमट पाणी घ्यायचे हे कोणत्या वर्षी ठरले, याची वही कुणी ठेवलेली नसते. पानात पोळी पडते. खाणारा म्हणतो, “अगदी घरच्यासारखी झालीय.” त्या ‘घरच्यासारखी’ या शब्दात सगळे श्रम बुडून जातात.

चांगल्या स्थलांतराची खूणच ही. नव्या चिपच्या संगणकासमोर बसलेल्या माणसाला काही वेगळे वाटताच कामा नये. पत्र लिहावे, हिशेब मांडावा, मराठी बातमी वाचावी आणि उठावे. मथुरेचे लोक सकाळी उठून चूल पेटवायला लागले, तेव्हा त्यांनाही आधी काही कळले नसेल. पुराणात त्यामागे देव होता, म्हणून कथा उरली. इथे माणसे आहेत. कुणाच्या घरात रात्री साडेअकराला खोलीतला दिवा चालू दिसला, तर ‘पुरे आता’ म्हणण्याआधी एकदा आत जाऊन विचारावे, “काय बांधतेस गं?” आणि जमल्यास पडद्यावरचे दोन मराठी शब्द वाचून द्यावेत. आचार्य आणि आचारी वेगळे दिसतात ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.